जाणाऱ्यांकडून वसुली करण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी स्थायिक होणाऱ्या तरुणांविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. आयआयटीत किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जनतेच्या पैशांवर शिकून जे देश सोडतात, त्यांच्याकडून शिक्षणाचा सगळा खर्च विमानतळावरच वसूल करावा, अशी सूचना एका वाचकांनी केली आहे. दुसऱ्या एका पत्रात तर अशा मंडळींना सरळ कृतघ्न ठरवले आहे. या सूचनेमागची चीड मी समजू शकतो. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ मिळत नाही आणि त्याच राज्याने शिकवलेला डॉक्टर मँचेस्टरला घर घेतो, हे पाहून कुणालाही वाईट वाटेल. मात्र ही सूचना नवी नाही. एका बलाढ्य देशाने ती कायदा करून अमलात आणली होती आणि तिचे पुढे काय झाले याची नोंद उपलब्ध आहे. सत्तरच्या दशकात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलो, नोकरी मात्र जन्मभर बँकेत केली. तरी त्या देशाविषयीचे वाचन सुटले नाही, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सोव्हिएत संघात देश सोडण्याचा हक्क नागरिकाला नव्हताच. साठच्या दशकाच्या अखेरीस तेथील ज्यू नागरिक मोठ्या संख्येने बाहेर जाण्याचे अर्ज करू लागले. त्यांच्या अंतर्गत पासपोर्टावर, म्हणजे देशातल्या ओळखपत्रावर, 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात 'ज्यू' असे लिहिलेले असे, आणि तेवढ्यावरून काही नामांकित संस्थांत प्रवेश आणि काही पदांवर बढती अवघड होई. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सरकारी प्रचाराचा सूर आणखी बिघडला. अर्ज करायचा तर आधी इस्रायलमधल्या नातेवाइकाचे निमंत्रणपत्र लागे. मग नोकरीच्या ठिकाणाहून वर्तणुकीचा दाखला आणावा लागे, म्हणजे आपण जाणार आहोत हे वरिष्ठांना आपणच सांगायचे. तो दाखला देण्याआधी सहकाऱ्यांची सभा भरवून अर्जदाराची निर्भर्त्सना होई आणि बहुतेकदा नोकरीही जाई. याखेरीज आई-वडील हयात असतील तर अर्जदार मुलाकडून आपले कोणतेही आर्थिक येणे नाही, असे त्यांच्या सहीचे पत्र जोडावे लागे. पत्रावर सही करणारी म्हातारी माणसे अनेकदा मागेच राहणार असत, आणि मुलाशी पुन्हा भेट होईल याची त्यांना मुळीच खात्री नसे. काही आई-वडिलांनी सही द्यायला साफ नकार दिला आणि अर्ज तिथेच अडकले. आमच्या कोथरूडमधल्या कोणत्याही सोसायटीत अर्ध्याअधिक घरांत मुले परदेशी आहेत. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातवंडांना पाहणाऱ्या आजी-आजोबांनी असा कागद समोर आलेला क्षणभर कल्पून पाहावा.

एवढे करूनही परवानगी मिळेलच असे नव्हते. 'गोपनीय माहितीशी संबंध' हे नकाराचे ठरलेले कारण होते, आणि ज्या प्रयोगशाळेत माणसाने दहा वर्षांपूर्वी काम केले तिचे नाव त्यासाठी पुरे होई. परवानगी मिळालीच तर नागरिकत्व सोडण्याचे ५०० आणि व्हिसाचे ४०० रूबल भरायचे. त्या काळी सरासरी मासिक पगार सव्वाशे ते दीडशे रूबलच्या आसपास होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते.

ऑगस्ट १९७२ मध्ये यावर कडी झाली. उच्चशिक्षित नागरिकाने देश सोडताना आपल्या शिक्षणावर झालेला सरकारी खर्च परत करावा, असा हुकूम निघाला. लोक त्याला 'पदवीकर' म्हणू लागले. रक्कम पदवीप्रमाणे ठरे आणि ती हजारो रूबलांत असे; मोठ्या विद्यापीठाच्या पदवीधराला ती बारा हजारांच्या घरात जाई. म्हणजे एका सर्वसाधारण इंजिनिअरने सात-आठ वर्षांचा पूर्ण पगार, एक पैसाही न खाता, बाजूला ठेवला तर तो मोकळा होणार. सरकारची भूमिका ऐकायला आपल्या पत्रलेखकांच्या भूमिकेइतकीच न्याय्य वाटे: शिक्षण फुकट दिले, तुम्ही भांडवलशाही देशांची सेवा करायला निघालात, तर आमचा खर्च द्या. यातली गोम अशी की, ते शिक्षण घेताना अशी कोणतीही अट घातलेली नव्हती, दुसरीकडे कुठे शिकण्याचा पर्याय नव्हता, आणि त्याच माणसाने वीस वर्षे तुटपुंज्या पगारावर केलेले काम या हिशेबात पूर्णपणे धरलेले नव्हते.

परिणाम काय झाला? पाश्चात्त्य देशांतल्या शास्त्रज्ञांनी आणि लेखकांनी गदारोळ केला. अमेरिकी संसदेत जॅक्सन आणि व्हॅनिक या दोन सदस्यांनी व्यापारी सवलतींचा संबंध देश सोडण्याच्या मुभेशी जोडणारी दुरुस्ती आणली. १९७३ च्या वसंतापर्यंत सोव्हिएत सरकारने ही वसुली गुपचूप थांबवली होती. तरीही दुरुस्ती मागे घेतली गेली नाही, १९७५ च्या जानेवारीत तिचा कायदा झाला आणि तो रशियाच्या मानगुटीवर २०१२ पर्यंत बसला. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे होते ते काही थांबले नाहीत. १९७९ या एका वर्षात सुमारे ५१,००० ज्यू बाहेर पडले. मग अफगाणिस्तानचे युद्ध सुरू झाले, अमेरिकेशी संबंध बिघडले, दार पुन्हा लागले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास घसरला. जाण्याची इच्छा संपली असे एखाद्याला तेव्हा वाटलेही असेल. गोर्बाचेव्ह यांच्या काळात बंधने सैल होताच १९९० या एकट्या वर्षात सुमारे १,८५,००० माणसे सोव्हिएत संघातून इस्रायलला पोहोचली.

आता 'लोक पैशासाठी जातात' या दुसऱ्या समजुतीकडे येतो. या बाबतीत मला नेहमी एक भारतातलीच घटना आठवते. स्टालिनची मुलगी स्वेतलाना हिची १९६३ मध्ये मॉस्कोच्या एका रुग्णालयात ब्रजेश सिंह या भारतीय कम्युनिस्टाशी ओळख झाली. ते उत्तर प्रदेशातल्या कालाकांकर संस्थानच्या राजघराण्यातले. दोघांना लग्न करायचे होते. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी स्वतः नकार दिला. १९६६ च्या अखेरीस सिंह वारले तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन भारतात येण्याची परवानगी तिला मिळाली, तीही मर्यादित मुदतीची. अस्थी गंगेत विसर्जित झाल्या आणि ती कालाकांकरलाच राहिली. येथेच कायम राहता यावे अशी तिची इच्छा होती, पण मॉस्कोला दुखावण्याची दिल्लीची तयारी नव्हती. परतीच्या विमानाला दोनच दिवस उरले असताना, ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी, टॅक्सी करून ती दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत गेली. मॉस्कोत तिला घर होते, निवृत्तिवेतन होते आणि सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या सवलती होत्या. तिची दोन मुलेही तिथेच होती आणि तिथेच मागे राहिली. पुढे आठवणींच्या पुस्तकातून तिला भरपूर पैसा मिळाला हे खरे, पण त्या संध्याकाळी पुस्तकाचा करार तिच्या पर्समध्ये नव्हता. ज्याच्याशी लग्न करायचे तो माणूस कोण असावा, हे पंतप्रधानाच्या टेबलावर ठरत असेल तर त्या देशात राहायचे कसे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. हीच बाई १९८४ मध्ये मुलांच्या ओढीने सोव्हिएत संघात परत गेली आणि १९८६ मध्ये पुन्हा बाहेर पडली. तिच्या आयुष्यातून 'परदेश वाईट' किंवा 'मायदेश वाईट' असा सोपा निष्कर्ष काढू पाहणाऱ्या दोन्ही बाजूंची ती अडचण करून ठेवते.

त्याही आधीची गोष्ट पाहू. १९१७ ची क्रांती आणि नंतरचे यादवी युद्ध यांत दहा ते वीस लाख माणसे रशियाबाहेर गेली असा अंदाज आहे. नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियातून बोल्शेव्हिकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल व्रांगेल यांचे उरलेसुरले सैन्य आणि त्यांच्यासोबतचे नागरिक असे जवळजवळ दीड लाख लोक १२६ जहाजांतून कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) गेले. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात इतके रशियन झाले की लोक त्याला गमतीने शार्लोटेनग्राड म्हणत; पॅरिसमध्ये माजी लष्करी अधिकारी टॅक्सी चालवू लागले आणि रेनोच्या कारखान्यात यंत्रांवर उभे राहिले. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने परवानगीशिवाय बाहेर गेलेल्यांचे नागरिकत्व रद्द केले आणि ही सारी माणसे एका फटक्यात कुठल्याच देशाची राहिली नाहीत. त्यांच्यासाठी राष्ट्रसंघाचे निर्वासित आयुक्त फ्रित्योफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये जो दाखला सुरू केला तो 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखला जातो. १९३३ चे साहित्याचे नोबेल मिळालेले इव्हान बूनिन स्टॉकहोमला गेले तेव्हा ते कोणत्याही देशाचे नागरिक नव्हते.

१९२२ च्या शरद ऋतूत तर सरकारनेच माणसे बाहेर काढली. तत्त्वज्ञ, प्राध्यापक, लेखक यांची यादी करून त्यांना पेत्रोग्राडहून (आजच्या सेंट पीटर्सबर्गहून) दोन जर्मन जहाजांतून, काहींना आगगाडीने, देशाबाहेर घालवण्यात आले. सोबत न्यायला एक हिवाळी कोट, एक उन्हाळी कोट आणि मोजके कपडे. दागिने नाहीत, मौल्यवान वस्तू नाहीत. परत आल्यास गोळी घातली जाईल हे मला माहीत आहे, अशा कागदावर प्रत्येकाची सही. यांना गोळ्या घालायला निमित्त नाही आणि यांना सहन करणेही शक्य नाही, असे स्पष्टीकरण क्रांतीचे एक प्रमुख नेते त्रोत्स्की यांनी एका अमेरिकी पत्रकार बाईंना दिले होते. त्यांच्या लेखी हा उदारपणाच होता. या यादीतले पितिरिम सोरोकिन पुढे हार्वर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्याच यादीतले तत्त्वज्ञ इव्हान इल्यिन स्वित्झर्लंडमध्ये वारले आणि २००५ मध्ये त्यांचे अवशेष मॉस्कोला आणून दोन्स्कोय मठात सन्मानाने पुरण्यात आले. माणूस जिवंत असताना जे राज्य त्याला खपवून घेत नाही, त्याच्या हाडांना मात्र ते देशभक्तीची सनद देते. इल्यिन यांचे विचार मला स्वतःला मुळीच पटत नाहीत, हा भाग निराळा.

पैशासाठी गेलेली लाटही आहे आणि तिच्याविषयी लपवण्यासारखे काही नाही. जानेवारी १९९२ मध्ये रशियाने किमतींवरचे नियंत्रण उठवले आणि त्या एका वर्षात भाव पंचवीस पटींहून अधिक वाढले. संशोधन संस्थांत महिनोन् महिने पगार होत नव्हते. आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह हे दोघे मॉस्कोजवळच्या भौतिकशास्त्राच्या एका नामांकित संस्थेत शिकले, चेर्नोगोलोव्का या विज्ञाननगरीत त्यांनी काम केले आणि ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पदार्थासाठी २०१० चे नोबेल त्यांना मिळाले ते मँचेस्टरमध्ये काम करताना. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कुणी कुणाकडून वसूल करायचा? आणि असा विचार करणाऱ्या देशात ते टिकले असते का, हेही विचारायला हवे.

अगदी अलीकडचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर हल्ला झाला. या युद्धात घर सोडावे लागलेल्यांत सर्वांत मोठा वाटा युक्रेनी लोकांचा, लक्षावधी लोकांचा आहे, आणि रशियन स्थलांतराविषयी बोलताना हे विसरणे अन्यायाचे होईल. पण हल्ला करणाऱ्या देशातूनही माणसे निघाली. मार्चमध्ये सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली. मॉस्कोचे एक नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह यांनी प्रभागाच्या बैठकीत एवढेच म्हटले होते की, युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण बालचित्रकला स्पर्धा कशी भरवायची; त्यांना जुलैमध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. मग २१ सप्टेंबरला तीन लाख राखीव सैनिकांच्या भरतीची घोषणा झाली. जॉर्जियाच्या सीमेवरच्या व्हेर्खनी लार्स नाक्यावर डोंगरातल्या रस्त्याने कित्येक किलोमीटर गाड्यांची रांग लागली. पायी सीमा ओलांडायला मनाई असल्यामुळे लोकांनी मिळेल त्या भावाने जुन्या सायकली घेतल्या, काहींनी तर मुलांच्या पायाने ढकलायच्या स्कूटर, आणि त्यावर बसून नाका पार केला. कझाकस्तानात पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे दोन लाख रशियन दाखल झाल्याचे तेथील सरकारने सांगितले. पाश्चात्त्य देशांत जाणे यांपैकी बहुतेकांना शक्यच नव्हते. युरोपीय संघाने त्याच महिन्यात रशियनांसाठी व्हिसाच्या सवलती थांबवल्या होत्या आणि फिनलंडने पर्यटकांना सीमा बंद केली. पुढे त्यांतले बरेच परत गेले, कारण काम मिळेना, राहण्याचा परवाना मिळेना, साठवलेले पैसे संपले. रशियन बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे मार्चपासूनच परदेशात चालत नव्हती. सप्टेंबरात निघालेल्यांत भरल्या पगाराचे संगणक अभियंते पुष्कळ होते. आपल्या हिंजवडीतल्या अभियंत्यासारखेच त्यांचे काम, तशीच कर्जाची घरे, तशीच शाळेत जाणारी मुले. पुढच्या महिन्यात आपण कुठे असू हे आपल्या हातात राहिलेले नाही, एवढे कळल्यावर चांगला पगार त्यांना थांबवू शकला नाही.

मायदेश सोडणाऱ्यांना आपण महाराष्ट्रात कधी पाहिलेच नाही, असेही नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे आणि इतरत्र पाठवले होते. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे सोव्हिएत संघात गेलेली होती आणि परत जायला घरच उरले नव्हते. उलट दिशेचे उदाहरण डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे. वर्ध्याचा हा क्रांतिकारक १९०६ मध्ये देशाबाहेर पडला, १९२१ मध्ये मॉस्कोला जाऊन आला, मेक्सिकोत कृषिशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यांना उघडपणे मायदेशी पाऊल टाकता आले नाही. त्यांना कृतघ्न म्हणण्याचे धाडस आज कुणी करणार नाही.

पुण्यातून जर्मनीला किंवा कॅनडाला जाणारी मुले या रशियनांसारखी नाहीत, हे मला मान्य आहे. ती रात्री सायकल घेऊन सीमा ओलांडत नाहीत. शनिवारी सकाळी मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेला बसतात, मग वकिलातीची तारीख मिळण्याची वाट पाहतात, आणि दिवाळीला घरी येतात. २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले, तेव्हा वर्तमानपत्रांत पळापळ झाल्यासारखे मथळे आले. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा सोडावाच लागतो. त्यातले पुष्कळ जण मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येत-जात राहतात. हा आकडा म्हणजे देशावरच्या अविश्वासाचा ठराव नव्हे. पण मुले जातात ती निव्वळ डॉलरसाठी, हेही खरे नाही. पंधरा वर्षे रखडणारी सरकारी भरती, पीएच.डी. केल्यावर तासिका तत्त्वावर मिळणारी नोकरी, प्रयोगशाळेत उपकरण दुरुस्त व्हायला लागणारे वर्ष, आणि जातीवरून किंवा आडनावावरून घर भाड्याने न मिळणे, ही कारणे मी ओळखीच्या मुलांकडून ऐकलेली आहेत. त्यांत एकही कारण विमानतळावर पावती फाडल्याने दूर होणारे नाही.

माझा बंधपत्राला विरोध नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने महाराष्ट्रात एक वर्ष शासकीय सेवा करावी, ही अट प्रवेश घेतानाच माहीत असते. ती मान्य करून प्रवेश घेतलेल्याने ती पाळली पाहिजे, आणि ज्यांनी पाळली नाही त्यांच्याकडून वसुली झालीच पाहिजे. तिथे शासनच ढिले आहे, असे माझे मत आहे. आयआयटीची फी वाढवून गरजूंना शिष्यवृत्ती द्यायची असेल तर त्यावरही चर्चा व्हावी. पण शिक्षण देताना न घातलेली अट माणूस निघाल्यावर त्याच्यावर लादणे हा १९७२ चा मॉस्कोचा मार्ग आहे आणि तो मॉस्कोलाही वर्षभर निभावता आला नाही.

आपल्याकडे एक विनंती. नागरिकत्व सोडणाऱ्यांचा पुढचा आकडा संसदेत येईल तेव्हा तो छापताना, त्याच्या शेजारी त्या वर्षी परत येऊन येथे काम सुरू केलेल्या दोन-चार शास्त्रज्ञांच्या, डॉक्टरांच्या मुलाखतीही छापाव्यात. ते का गेले होते, का आले, आणि आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांना कोणत्या कार्यालयाच्या किती खेपा घालाव्या लागल्या, हे वाचायला आवडेल. हे पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापावे लागल्यास सुरुवातीचा परिच्छेद कापावा, पदवीकराचा ठेवावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे